नव्वदची थरथर

ऐंशीपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची. पंच्याऐंशीला स्टिअरिंगला शिरशिरी यायची, नव्वदला माझ्या कोपरापर्यंत मुंग्या पोचायच्या आणि पंच्याण्णवला कप होल्डरमधल्या बाटलीतलं पाणी नाचायला लागायचं. एकशे दहाला पुन्हा सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं. म्हणजे थरथरीवरचा एक उपाय मला पहिल्याच दिवशी सापडला होता. घरच्यांनी तो नामंजूर केला.

या दुखण्याची पंचाईत अशी की ते गॅरेजच्या आसपास उठतच नाही. मेकॅनिक गाडी घेऊन गल्लीत एक फेरी मारतो, चाळिसाच्या वर काटा जात नाही, आणि परत येऊन म्हणतो, "मस्त तर चालतेय, साहेब." आपण दोन्ही हात हवेत धरून स्टिअरिंग कसं हलतं त्याचा अभिनय करून दाखवतो. तो मान डोलावतो आणि म्हणतो, "अलाइनमेंट करून घ्या."

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. ओळखीपाळखीच्या सगळ्यांचं याच एका निदानावर एकमत होतं. माझं मत विचाराल तर गाडीच्या जगात अलाइनमेंट म्हणजे तापावरची पांढरी गोळी आहे. कुठल्याही तक्रारीवर चालते. खरं तर अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. झिजून टायर वेडावाकडा झाला तर पुढे थरथर येईल, पण ती बरीच नंतरची गोष्ट. माझे टायर नवे होते. अलॉय व्हीलही नवी, हौसेनं बसवलेली. थरथर त्यानंतरच सुरू झाली, हे मी गॅरेजमध्ये जरा दबक्या आवाजातच सांगायचो, कारण ती हौस माझी एकट्याची होती.

मग मी स्वतःच तपास हाती घेतला. मोकळा रस्ता पाहून नव्वदला गाडी आधी पाचव्या गिअरमध्ये चालवली, मग चौथ्यात. इंजिनचे फेरे वाढले, थरथर होती तशीच राहिली. इंजिन सुटलं. ब्रेकवर हलका पाय ठेवला. थरथर वाढली नाही, म्हणजे ब्रेकच्या डिस्कही निर्दोष. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, पुन्हा दिला. काही फरक नाही, म्हणून एक्सलच्या सांध्यांवरचा संशय मिटला. उरली चाकं. थरथर हातांत येत होती, बुडाखाली नाही. हातांत आली तर बहुधा पुढचं चाक, सीटमध्ये आली तर मागचं.

आता गंमत बघा. टायरचा घेर साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटर. नव्वदच्या वेगात गाडी सेकंदाला 25 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला 13 गिरक्या घेतं. रिमच्या कडेला एका बाजूला नुसतं 30 ग्रॅम वजन जास्त असलं, तरी त्या वेगात त्याचा ओढा जवळजवळ चार किलोचा होतो. वेग निम्मा केला की ओढा एक चतुर्थांश, म्हणून गल्लीतल्या मेकॅनिकला काही कळत नाही. आणि एकशे दहाला तर ओढा आणखी वाढतो, मग थरथर का थांबते? झोपाळ्याला त्याच्या लयीत हात लावला तर तो उंच जातो, भलत्याच घाईनं ढकलत राहिलं तर अडखळतो. चाक, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांचीही अशी एक लय असते. माझ्या गाडीची नव्वदच्या आसपास जुळत होती.

तेव्हा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करणं. चाक मशीनवर चढलं, फिरलं, आकडे आले, दुकानातल्या मुलानं रिमच्या आत छोटी वजनं चिकटवली, पुन्हा फिरवलं: दोन्ही बाजूंना शून्य. चारही चाकांचं तसंच. त्या शून्यांकडे बघून मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. हायवेला लागलो आणि नव्वदला बाटलीतलं पाणी नाचलं. थोडं कमी, पण नाचलं. दुसरीकडे जाऊन पुन्हा बॅलन्सिंग केलं. पुन्हा शून्य, आणि थरथर आता आधीपेक्षा जास्त! दर वेळी चाक काढून लावलं की तिचा स्वभाव बदलत होता. हाच खरा धागा होता, पण माझ्या तो लक्षात आला नाही. त्याच सुमाराला डिकीतूनही काहीतरी बारीक खुळखुळत होतं, पण मोठ्या आजारापुढे तिकडे कोण बघतो.

शेवटी डावीकडची चाकं पुढची मागे, मागची पुढे केली. हायवेवर माझे हात शांत. बायको म्हणाली, "माझी सीट का थरथरतेय?" इतक्या आनंदानं मी तिच्या तक्रारीकडे कधी पाहिलं नव्हतं.

ते चाक घेऊन एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं ते मशीनवर चढवलंच नाही. आडवं ठेवलं, मधल्या भोकात बोट फिरवलं आणि विचारलं, "याची रिंग कुठाय?"

बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक मोठं ठेवतात, म्हणजे ते बऱ्याच गाड्यांना चालतं. गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, त्याहून लहान. मधली फट भरायला प्लास्टिकची एक पातळ रिंग असते. बाकीच्या तीन चाकांत ती होती, यात नव्हती. त्यामुळे चाक दर वेळी नट आवळताना जसं बसेल तसं, केसभर इकडे नाहीतर तिकडे. मशीन चाकाला स्वतःच्या शंकूवर बरोबर मध्यात धरतं, म्हणून तिथे शून्य यायचं, आणि ते शून्य खोटं नव्हतं. पण टायरसकट सोळा किलोचं चाक हबवर अर्धा मिलिमीटर जरी सरकून बसलं, तरी ते रिमच्या कडेला चाळीसेक ग्रॅम चिकटवल्यासारखंच.

"नवी मागवायला लागेल," तो म्हणाला. "चार-पाच दिवस जातील. तोवर स्टेपनी लावून हळू चालवा."

स्टेपनी काढायला मी डिकीतला गालिचा उचलला. तिच्या खालच्या खळग्यात, पन्हाळीत अडकल्यासारखी, एक काळी रिंग होती. बोटानं ढकलली तर खुळखुळली.