अकरा वर्षं बंद घर आणि एक लाखाचे पाईप

राजापूरजवळचं आमचं घर आजी गेल्यापासून अकरा वर्षं बंद होतं. डिसेंबरात जाऊन पंप चालू केला. न्हाणीघरातल्या नळाला आधी नुसती हवा, मग चहाच्या रंगाचं पाणी, आणि थोड्या वेळात माजघराच्या भिंतीवर ओल.

प्लंबरने एल्बोला (वळणाच्या जोडाला) पाना लावला तर जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप आट्यांपाशीच तुटून हातात आला. आत गंजाची इतकी पुटं की पेन्सिल जेमतेम जाईल. "वापर असता तर अजून चार वर्षं गेला असता," तो म्हणाला. पाणी आटून अर्धवट रिकामे राहिलेले पाईप लवकर गंजतात, ओल आणि हवा दोन्ही मिळते ना. तुटला तेवढाच तुकडा बदलायचा हट्ट मी धरला. दोन हजार गेले आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला जोड सुटला. मग सगळंच काढलं.

अंदाज ४५,००० चा होता. झाले १,०२,१००. सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाईप, नळ, व्हॉल्व्ह मिळून ३१,४०० आणि प्लंबरची मजुरी २६,०००, हे मी धरलंच होतं थोडंफार. चिऱ्याची भिंत कापणं, पुन्हा गिलावा, लाद्या यांत २२,५०० जातील हे डोक्यातही नव्हतं. सांडपाण्याच्या जुन्या पाईपात फणसाची मुळं शिरलेली, तिथे खोदाई आणि नवा चेंबर यांचे १८,०००. पंपाचं वाइंडिंग ४,२००.

मागच्या बाजूची लाईन मात्र प्लंबरच्या सांगण्यावरून भिंतीबाहेरून, पागोळीच्या आत नेली. तोडफोड वाचली. उन्हाने सीपीव्हीसी ठिसूळ होतो, म्हणून तिला पाण्यात मिसळणारा रंग दिला.

गवंड्याला गिलाव्याची घाई होती. प्लंबरने ऐकलं नाही, हातपंपाने दाब भरून रात्रभर ठेवला. सकाळी दाबाचा काटा खाली आलेला! एका टीला (तीन तोंडांच्या जोडाला) चिकटवायचं सोल्युशन लावायचंच राहिलं होतं. त्या रात्रीसाठी मी त्याचा कायम ऋणी आहे. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजायची टेप लावून फोटो काढला, तो कागदावर छापून मीटरच्या पेटीत ठेवलाय.

आता शेजारच्या काकी पंधरा दिवसांनी येऊन सगळे नळ पाच मिनिटं सोडतात आणि मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओततात, म्हणजे ट्रॅप (वास अडवणारं पाणी साठतं तो जाळीखालचा भाग) सुकून वास येत नाही.