दोन तारांमध्ये गुंफलेली फ्लाय

फ्लाय म्हणजे मासे गरवायला हुकवर केस-पिसं बांधून केलेलं नकली आमिष. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडी फ्लाय ठेवली तेव्हा आकडा आला 7 ग्रॅम. तीच फ्लाय नळाखाली भिजवली, दोनदा झटकली आणि परत ठेवली, तर 31. हिवाळाभर माझा उजवा खांदा का भरून येत होता ते त्या आकड्याने सांगितलं. कापसाच्या ओल्या बोळ्यासारखी ती फ्लाय नऊ नंबरच्या रॉडने फेकायला गेलं की दोर हवेत सुटतच नाही. एकदा ती पाठीत बसली, एकदा कानाला घासून गेली. हुक 6/0 मापाचा, म्हणजे चांगलाच मोठा, असल्यामुळे त्या दिवशी मी तिथेच थांबलो आणि घरी आलो.

हा फेब्रुवारी 2025 चा शेवट. आम्ही ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आमस्टेलफेनमध्ये राहतो. मासा म्हणाल तर स्नूक, म्हणजे इंग्रजीतला पाईक. मी डच नावच वापरतो, कारण पाईक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळंच काही उभं राहतं. हिरवट अंगावर पिवळसर ठिपके, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि तोंडात आतल्या बाजूला वळलेले शेकडो दात. गवताच्या कडेला हलायचंही नाव न घेता तो उभा असतो आणि समोरून काही गेलं की तीरासारखा सुटतो. मी मूळचा पेणच्या खारेपाटातला. लहानपणी काकांबरोबर खाडीवर जिवंत कोळंबी लावून जितडा गरवायला जायचो. स्नूकची ती दबा धरून बसण्याची रीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला जितडाच आठवला, आणि तिथून हे वेड लागलं.

इथे आमिष म्हणून जिवंत मासा लावायला बंदी आहे, आणि मला ती पटते. मी केसांची, पिसांची माशासारखी फ्लाय बांधतो. पाण्यातून ओढताना जी माशासारखी पोहते तिला स्ट्रीमर म्हणतात. स्नूकसाठी ती 18 ते 22 सेंटिमीटर लांब लागते. 1 मार्चपासून मेच्या शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवसापर्यंत विणीच्या हंगामामुळे स्नूक गरवायचा नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तर अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी फ्लाय पाण्यात टाकायचीच नाही, असा इथला नियम. म्हणजे तीन महिने हातात होते. ठरवलं की या तीन महिन्यांत दिसायला मोठी पण फेकायला हलकी फ्लाय बांधायला शिकायचंच.

माझी चूक साधी होती. जाडी हवी म्हणून मी केसांचे झुबके एकावर एक बांधत होतो. झुबका जितका दाट, तितकं पाणी तो धरून ठेवतो. न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी यावर फार सुंदर उपाय दाखवलेला आहे: हरणाच्या शेपटीचे केस हुकवर उलटे, म्हणजे हुकच्या डोळ्याच्या (दोर ओवायच्या छिद्राच्या) दिशेने तोंड करून बांधायचे आणि मग मागे ढकलून पुढून धाग्याने अडवायचे. आत पोकळी राहते, बाहेरून मासा भरलेला दिसतो. मी ते करून पाहिलं. चांगलं जमलं की डोळे निवतात, पण एका फ्लायला माझे दोन तास जात होते आणि केस चहूबाजूंना सारखे बसत नव्हते.

मग वळलो ब्रशकडे. बाटली धुवायचा ब्रश आठवा: दोन तारा एकमेकींना पिळलेल्या आणि पिळात अडकून चहूकडे उभे राहिलेले केस. तसाच, पण मऊ केसांचा आणि बारीक तारेचा ब्रश करायचा आणि तो हुकच्या दांडीवर गुंडाळत जायचं. तयार ब्रश विकत मिळतात. मी दोन आणलेही. पण रंग आणि लांबी आपल्या मनासारखी मिळत नाही, आणि मला तर तो कसा होतो तेच जाणून घ्यायचं होतं.

टेबल घरीच केलं. 70 सेंटिमीटरची पाइनची फळी, मधोमध तार बसेल एवढी खाच, एका टोकाला हुक, दुसऱ्या टोकाला ड्रिल मशीनमध्ये धरलेला दुसरा हुक. खालची तार खाचेत ताणायची, तिच्यावरून मेण फिरवायचं, त्या चिकटीवर केस आडवे पसरायचे, वरून दुसरी तार आणायची आणि पिळायचं. ऐकायला एवढंच आहे.

पहिली तार तांब्याची घेतली. मऊ होती, पिळाला टिकली नाही. दुसरी स्टेनलेस स्टीलची, 0.3 मिलिमीटर. ती टिकली, पण हुकवर गुंडाळताना इतकी ताठ की बोटांना वळ उठले. 0.2 मिलिमीटरची आणली तेव्हा हाताला पटली. पण तिसऱ्याच ब्रशला ती तुटली आणि तुटलेलं टोक अंगठ्यात घुसलं. कारण नंतर ध्यानात आलं: पीळ बसतो तशी तार आखडत जाते, आणि माझी दोन्ही टोकं पक्की होती. तिला यायला जागाच नव्हती. एका टोकाला स्प्रिंग लावली आणि तो प्रश्न कायमचा मिटला. तेव्हापासून मी चष्मा घातल्याशिवाय ड्रिल चालू करत नाही. आणि पहिले दहाबारा पीळ हातानेच देतो, मग केस जागेवर बसलेत का ते सुईने तपासतो, मगच मशीन.

ब्रश होऊ लागले, पण फ्लाय जड ती जडच. काट्यावर 26, 24, 27. मी केस मोजून घालत नव्हतो, डोळ्यांना भरगच्च दिसेपर्यंत घालत होतो.

एका रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मी फोन टेबलाला टेकवून केस पसरत होतो. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अरे, हे तर वळेसर बांधल्यासारखंच आहे.” मग तिने विचारलं, “पण एवढं खच्चून का भरतोस? मग दोऱ्याला धरायला काय उरणार?” ती अबोलीचा वळेसर बांधायची तेव्हा मी शेजारी बसून फुलं जोड्या-जोड्यांनी हातात द्यायचो. देठाला देठ लावून दोऱ्याचा फास, मग पुढची जोडी, आणि दोन जोड्यांमध्ये दोरा दिसेल न दिसेल एवढी फट. फुलं जास्त कोंबली की दोरा देठाला आवळत नाही आणि गळून पडतात. माझ्या ब्रशमधून फणी फिरवल्यावर ओंजळभर केस का गळत होते ते मला तिथे कळलं. तार तारेला भिडतच नव्हती. मध्ये केसांची गादी होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा केस वजन करून घेतले. 25 सेंटिमीटर लांबीच्या ब्रशला आधी अंदाजे चार ग्रॅम पडत होते. दीड ग्रॅम घेतले. फळीवर पसरल्यावर खालचं लाकूड स्वच्छ दिसत होतं, इतका तो थर विरळ. मन मानत नव्हतं. पण पिळल्यावर तार तारेत बसली, प्रत्येक केस आपापल्या जागी उभा राहिला आणि फणी फिरवली तर हातात दोनचार केस आले, बस.

केस कसे तयार करायचे यावर मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण मोठ्या फ्लायचं रूप इथेच ठरतं. मी क्राफ्ट फर वापरतो, खेळण्यांना लावतात तशी कृत्रिम फर. ती पाणी धरत नाही. कापडाजवळून झुबका कापायचा, चिमटीत धरून बुडाशी असलेली आखूड लव फणीने काढून टाकायची. मग दोन्ही हातांनी झुबक्याची टोकं धरून ओढायची, दोन भाग झाले की एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचे. असं पाचसहा वेळा. केसांची टोकं मागेपुढे होतात आणि कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ राहत नाही. ती रेघ राहिली तर फ्लाय पाण्यात झाडूसारखी दिसते. नंतर कात्रीने आकार देऊ म्हणाल तर तो येत नाही, मी खूप फर वाया घालवून पाहिली आहे. या फरमध्ये चकाकीच्या पट्ट्या मिसळतो, पण ब्रशभर मिळून वीसेकच. इथल्या पोल्डरचं, म्हणजे बांध घालून पाण्यातून मिळवलेल्या सखल जमिनीतलं पाणी खालच्या पीट मातीमुळे (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे) कोऱ्या चहासारखं असतं. त्यात नारिंगी आणि तांबूस रंग छान उठून दिसतो.

(गावाकडून मोरपिसं पाठवू का, असं मला घरच्यांनी विचारलं होतं. फ्लायला मोरपिसाचे तंतू खरंच फार सुरेख दिसतात, पण मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे. आणि आपल्याकडच्या चितळ-सांबराच्या केसांना तर हातही लावू नका, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.)

आता बांधणी. हुकच्या वळणाशी हरणाच्या शेपटीचे जेमतेम वीस-पंचवीस लांब केस, शेपूट म्हणून. त्यावर दोन्ही बाजूंना एकेक लांब पीस. मग पहिला ब्रश. त्याच्या टोकाचे पाच मिलिमीटर केस काढून तार उघडी करायची आणि ती धाग्याने दांडीवर पक्की बांधायची. धागा जाड जेलस्पन, म्हणजे फार मजबूत कृत्रिम धागा; साधा धागा तारेवर कापला जातो. मग एकेक वेढा. प्रत्येक वेढ्यानंतर ओल्या तळव्याने सगळे केस मागे चोपायचे, नाहीतर पुढचा वेढा मागच्या वेढ्याचे केस दाबून टाकतो. हे मी पंधराव्या फ्लायपर्यंत आळसाने टाळत होतो. तारेचं शेवटचं टोक मी आधी कापून तसंच सोडायचो, ते धागा कुरतडायचं. आता ते मागे दुमडतो, दुमडीवरून धाग्याचे दहा वेढे घेतो आणि मग जुन्या कटरने तोडतो. चांगली कात्री तारेला कधीही लावू नका.

मागचा ब्रश विरळ आणि पुढचा, डोक्याकडचा, थोडा दाट. दाटपणाला इथे काम आहे. फ्लाय ओढून एकदम थांबवली की रुंद डोकं पाण्याला अडतं आणि मागचा हलका भाग गतीने पुढे येऊ पाहतो, म्हणून फ्लाय एका कुशीवर वळते. त्या वळण्यात ती आडवी दिसते, आणि स्नूक नेमका त्या क्षणी येतो. शेवटी कुत्र्याचे केस विंचरायचा तारेचा ब्रश घेऊन अडकलेले सगळे केस मोकळे करायचे, 12 मिलिमीटरचे नकली डोळे यूव्ही रेझिनने (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या डिंकाने) चिकटवायचे आणि मार्करने पाठीवर पट्टे ओढायचे, इथल्या बार्सच्या म्हणजे पर्च माशाच्या अंगावर असतात तसे.

एप्रिलच्या मध्यावर तशी पहिली फ्लाय झाली. 20 सेंटिमीटर. कोरडी 5 ग्रॅम, भिजवून दोनदा झटकल्यावर 13. बाथटब भरला आणि तिला ओढून पाहिलं. दोन झटके, थांबणं, आणि ती हळूच कुशीवर वळली. मी ते वीसेक वेळा केलं असेल. नंतर मुलीला बोलावलं, मग तिने केलं.

एक गोष्ट फ्लायइतकीच महत्त्वाची. मागच्या शरद ऋतूत एका मोठ्या स्नूकने माझा 0.40 मिलिमीटरचा नायलॉन एका झटक्यात कापला आणि माझा हुक तोंडात घेऊन तो गेला. त्या माशाचा विचार मला अजून अस्वस्थ करतो. तेव्हापासून फ्लायच्या पुढे 40 सेंटिमीटर टायटॅनियमची तार असते, हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असतो आणि खिशात लांब पक्कड असते. या तिन्हीशिवाय कोणी स्नूकच्या मागे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

31 मेला, म्हणजे त्या शेवटच्या शनिवारी, सकाळी साडेपाचला पोल्डरच्या कालव्यावर गेलो. तिसऱ्याच फेकीत दोर सरळ उलगडत गेला आणि फ्लाय पलीकडच्या वेताजवळ अलगद पडली. खांद्याला कळलंही नाही. मासा आला साडेसातनंतर. दोन झटके, थांबलो, फ्लाय वळली, आणि पाण्यात एक तांबूस-हिरवी लाट उठून तिच्यावर बंद झाली. 74 सेंटिमीटर. पाण्यातच धरून पक्कडीने हुक काढला. तो काही क्षण माझ्या हातात कल्ले हलवत राहिला आणि मग शेपटीच्या एका फटक्यात गेला.

फ्लाय हातात घेऊन पाहिली. एका बाजूचे केस दातांनी कापले होते आणि तिसऱ्या वेढ्याशी तार उघडी पडली होती, पण पीळ जराही सुटला नव्हता. फणीने केस मागे घेतले, उघडी तार झाकली गेली, पुन्हा फेकली.

सध्या फळीवर जो ब्रश ताणलेला आहे तो धाकट्या भावासाठी. तो म्हणाला, “दादा, धरमतरच्या खाडीत जितड्याला लावून बघतो, मला बोईटासारखी बांधून दे.” म्हणून पाठ करडी, पोट पांढरं, आणि लांबी फक्त 12 सेंटिमीटर. खाऱ्या पाण्यात तार गंजायला नको म्हणून स्टेनलेसचं नवं रीळ उघडलं आहे. केस दीड ग्रॅमहून कमी घेतलेत, एक ग्रॅमच.