सूक्ष्मवित्त संस्थेत क्षेत्र अधिकारी होताना

वाणिज्य शाखेची पदवी हाती आल्यावर मी एका सूक्ष्मवित्त संस्थेत, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना छोटी कर्जे देणाऱ्या संस्थेत, क्षेत्र अधिकारी पदासाठी अर्ज केला. लेखी चाचणीत टक्केवारी आणि सरळव्याज एवढेच होते. मुलाखतीत मात्र दुचाकी चालवता येते का, कर्जदार महिलांच्या गटांच्या भल्या सकाळच्या केंद्र बैठकीला वेळेवर पोहोचाल का आणि अनोळखी घरात पैशाचा विषय कसा काढाल, यावरच बराच वेळ गेला.

वर्गातील प्रशिक्षणात मला नियमांचा भाग सर्वांत उपयोगी वाटला. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकेका कुटुंबावर अनेक संस्थांची कर्जे साचली, वसुलीच्या जाचाविरुद्ध ओरड झाली आणि राज्य सरकारच्या अध्यादेशानंतर तेथील परतफेड जवळजवळ थांबली. हा इतिहास ठाऊक असला की रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे निर्देश कोरडे वाटत नाहीत. त्यांच्यानुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्मवित्त कर्ज ठरते, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत.

आता हे उत्पन्न ठरवायचे कसे? ज्यांच्याकडे पगारपत्रकच नाही, त्यांच्या घरी बसून ते काढावे लागते. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी सांगितलेला आकडा लग्नसराईतला होता. माझ्यासोबतच्या अनुभवी सहकाऱ्याने तो न खोडता विचारले, "ताई, आषाढात मशीन किती दिवस चालते?" मग धागा, वीजबिल, मशीनची दुरुस्ती, पतीच्या रंगकामात पावसाळ्यात पडणारा खंड असे एकेक निघत गेले आणि कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १८ हजारांवर येऊन थांबले. म्हणजे हप्त्यांची मर्यादा ९ हजार; पतअहवालात, म्हणजे चालू कर्जांच्या नोंदीत, साडेसहा हजारांचे हप्ते आधीच दिसत होते, त्यामुळे नव्या कर्जाच्या हप्त्याला अडीच हजारच उरले. सावकाराचे किंवा नातेवाइकाचे देणे पतअहवालात उमटत नाही. ते विचारूनच कळते, आणि तेही सासूबाई शेजारी बसलेल्या नसतील तर. (हे कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत मला सापडले नाही.)

एकमेकींच्या कर्जाची जबाबदारी घेणाऱ्या महिलांच्या गटाची चाचणी शाखा व्यवस्थापकांनी घेतली. शेजारणीचा हप्ता चुकला तर तो कोण भरणार, हे त्यांनी प्रत्येकीला वेगळे विचारले, कारण संयुक्त दायित्व गटाची सारी भिस्त त्या उत्तरावर असते. वसुलीचे नियम त्यानंतर तोंडपाठच करून घेतले: हप्ता ठरलेल्या ठिकाणीच घ्यायचा, कर्जदार लागोपाठ दोनदा तेथे आली नाही तरच घरी जायचे, सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही.

परिवीक्षा संपताना माझ्या कर्जवाटपाच्या आकड्यांपेक्षा मी नाकारलेल्या अर्जांची कारणे अधिक बारकाईने तपासली गेली, आणि मला ते योग्य वाटले. पुढे शाखा व्यवस्थापक, अंतर्गत लेखापरीक्षण, जोखीम व्यवस्थापन अशा वाटा आहेत. पण या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने मुलाखतीतच एक प्रश्न स्वतःहून विचारावा: प्रोत्साहनभत्ता केवळ कर्जवाटपावर मोजतात, की कर्जाच्या गुणवत्तेवरही? केवळ वाटपावर असेल, तर वरच्या अडीच हजारांचे चार हजार करण्याचा दबाव महिनाअखेरीस आपल्यावरच येतो.