जुन्या गोव्यात दाजींसोबत, आणि देव आपल्या मंडळीला सोडत का नाही

पणजीहून जुन्या गोव्याला जायचं असेल तर हायवे सोडा आणि रायबंदरच्या बांधावरून जा, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि खालचा रस्ता पोर्तुगिजांनी १६३० च्या दशकात बांधलेला, तीनेक किलोमीटर सरळ. गाडी दाजी चालवत होते. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, मूळ नगरकडचे, नोकरीमुळे फोंड्याला राहतात. त्यांच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, जमिनीवरून दोन गट पडले, केस कोर्टात गेली, एका रविवारी तर उपासना चालू असताना लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि तेव्हापासून दाजींनी चर्चची पायरी चढलेली नाही. प्रभूवर विश्वास आहे, पण मंडळी नको, असं ते स्पष्ट सांगतात. ताईने मला फोनवरच सांगून ठेवलं होतं की तू आलीस की बोल जरा त्यांच्याशी.

बॉम जेझू बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ ला सुरू झालं, अभिषेक १६०५ ला. बाहेरून सगळा लाल जांभा दगड उघडा दिसतो कारण १९५० च्या दशकात वरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला, आणि आता दर पावसाळ्यात तो दगड झिजतो. आत उजव्या हाताला सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी. इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला संगमरवरी चौथरा आणि त्याच्यावर गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली चांदीची पेटी. गोव्याचे लोक त्याला गोंयचो सायब म्हणतात, आणि फक्त ख्रिस्ती लोकच नाही, आमच्या पुढे एक नऊवारीतली आजी कुंकू लावलेली, डोळे मिटून हात जोडून उभी होती, बराच वेळ.

मी प्रोटेस्टंट घरातली, समाधीपुढे काही मागायची आम्हाला सवय नाही, पण या माणसाबद्दल मला खूप वाटतं. हातात घंटी घेऊन गोव्याच्या गल्ल्यांतून वाजवत जायचा, पोरं गोळा करायचा, त्यांना प्रार्थना शिकवायचा. कुष्ठरोग्यांची सेवा केली. १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या दारात एका बेटावर तापाने गेला. आणि याच माणसाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, पाठवा अशी मागणी केली होती. ते न्यायालय तो गेल्यावर, १५६० मध्ये आलं. मी या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवून बघत होते आणि मला त्यातली एकही खोडून टाकता येईना.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. प्रचंड. याचा एक मनोरा १७७६ ला पडला तो परत बांधलाच नाही, त्यामुळे चर्च एका बाजूने रिकामं रिकामं दिसतं. समोरच्या चौकात इन्क्विझिशनचा वाडा होता. लोक त्याला व्हडलें घर, म्हणजे मोठं घर, म्हणायचे. आता तिथे काहीही उभं नाही, गवत आहे. १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षं बंद होतं तेवढंच. तिथे कोणाला आणायचे तर बऱ्याचदा नुकतेच बाप्तिस्मा घेतलेले आपल्यासारखेच लोक, जुन्या चालीरीती सुटल्या नाहीत म्हणून. १७३६ च्या हुकूमनाम्यात तर अंगणात तुळस लावायला बंदी, भात मिठाशिवाय शिजवायला बंदी, लग्नातल्या ओव्यांना बंदी. ज्या चर्चच्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने १६१६ मध्ये गोव्यातच राचोलला येशूची कथा मराठी ओव्यांमध्ये छापली, त्याच चर्चच्या राज्यात पुढे १६८४ ला लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला.

दाजी झाडाखाली बाकावर बसले आणि म्हणाले, "बघितलंस? आमच्या गावची भांडणं याच्यापुढे काहीच नाहीत. मग देव कशाला ठेवतो असल्या मंडळीला?"

मी म्हटलं दाजी, पवित्र शास्त्रात तरी चांगली मंडळी कुठे आहे दाखवा. करिंथच्या लोकांना पौलाने पत्र लिहिलं, तर ते एकमेकांवर कोर्टात केसेस करत होते, प्रभुभोजनाला काही उपाशी राहायचे आणि काही पिऊन यायचे, आणि त्यांनाच तो पहिल्या ओळींत देवाची मंडळी म्हणतो. होशेय संदेष्ट्याची बायको गोमर दुसऱ्यांच्या मागे गेली, तर देव त्याला म्हणाला परत जा, तिच्यावर प्रीती कर, आणि होशेयाने तिला पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव देऊन सोडवून आणलं. स्वतःच्याच बायकोला पैसे देऊन! इस्राएलावर आपली प्रीती अशी आहे हे देवाला सांगायचं होतं. आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लावदिकीया गावच्या विश्वासात कोमट पडलेल्या मंडळीला प्रभू ओकून टाकीन म्हणतो, आणि लगेच पुढे म्हणतो ज्यांच्यावर मी प्रेम करतो त्यांचीच कानउघाडणी करतो, मी दाराशी उभा आहे, ठोकतो आहे. मंडळी स्वच्छ आहे म्हणून ख्रिस्ताने तिच्यासाठी जीव दिला असं कुठेच लिहिलेलं नाही, तिला स्वच्छ करायला दिला असं लिहिलंय.

दाजी ऐकत होते, पण ते सोडणारे नव्हते. "ज्यांना त्या वाड्यात कोंडलं त्यांचं काय? तेव्हा कुठे गेली होती प्रीती?"

हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळला नाही. मंडळी म्हणजे न्यायाधीश आणि बिशप एवढेच आपण का धरतो? कोठडीतली ती बाप्तिस्मा घेतलेली बाई, जिने सवयीने भात मिठाशिवाय शिजवला, ती पण मंडळीच की, ती तर आधी. देवाची प्रीती मंडळीवर आहे म्हणजे तिच्यावर आहे, आणि म्हणूनच जे झालं त्याचा देवाला राग आहे, दुःख आहे. आणि जे मंडळीत नव्हते त्यांचंही आहे. दाजींच्या फोंड्याजवळच मंगेशीचं देऊळ, १५६० मध्ये लोकांनी मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला नेलं ते आमच्याच लोकांच्या भीतीने. दाजींचे शेजारी त्याच देवळात जातात. प्रेम केलं म्हणजे पापावर पांघरूण घातलं असं नाही होत. १२ मार्च २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली चर्चच्या माणसांनी केलेल्या जबरदस्तीबद्दल सगळ्यांसमोर देवाची क्षमा मागितली. उशीर झाला, फार उशीर, पण कबुली द्यायची बुद्धी सुद्धा त्याच्याच प्रीतीतून येते असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाणावलीला गेलो. बीचवर नाही, गावातल्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये, जिथे जोसेफ वाझचा बाप्तिस्मा झाला. हा १६५१ चा, गोव्याचाच कोंकणी माणूस, इन्क्विझिशन जोरात असतानाचा. तेव्हा युरोपियन पाद्रींच्या संघांमध्ये इथल्या पाद्रींना घेतच नव्हते. तो रुसून बसला नाही, चर्च सोडलं नाही, १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत गेला कारण तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती. कँडीच्या राजाने हेर समजून तुरुंगात टाकलं. पुढे देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांना यानेच सांभाळलं, धर्म न विचारता. १७११ ला तिथेच वारला, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत घोषित केलं. व्हडलें घर आणि जोसेफ वाझ, एकाच काळातलं, एकाच चर्चमधलं. देवाने त्या चर्चला टाकून दिलं असतं तर हा माणूस आला कुठून, मला सांगा?

दाजी चर्चमध्ये आले आणि मागच्या बाकावर बराच वेळ बसले. मी काही विचारलं नाही.

काल ताईचा फोन आला. दाजींनी गावाकडच्या पाळकांना फोन केला आणि नाताळच्या उपासनेला येतो म्हणाले. केस अजून चालूच आहे, दोन्ही गट अजून वेगवेगळ्या बाजूला बसतात, आणि दाजी म्हणाले म्हणे की मी कुठल्या बाजूला बसू ते अजून ठरवलं नाही. त्या मंडळीसाठी प्रार्थना करा, दोन्ही गटांसाठी.