ते 'आमेन'

रविवार, 6 एप्रिल 2025. रात्र.

आज पुन्हा 'आमेन' म्हणाले. म्हणायचं नव्हतं.

उपासना सुटली, मी पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात त्या बाईंनी हात धरला. "सलाम ताई. साहेब कसे आहेत?" म्हटलं, आहेत तसेच. त्यांनी डोळे मिटले, माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "यातही प्रभूची योजना आहे बरं का. एक दिवस कळेल." आणि शिंक यावी तसं माझ्या तोंडून निघालं, "आमेन."

तेव्हापासून ते घशात अडकलंय. रिक्षात अडकलं, भाकरी थापताना अडकलं, यांची कूस बदलताना अडकलं. त्या बाईंचा राग नाही. (थोडा आहे.) त्यांना जे वाटलं ते त्या बोलल्या. पण 'आमेन' म्हणजे 'तसंच असो'. यांना अंथरूण धरून चौदा महिने झाले. तसंच असो?

बायबलमधल्या पौलाने देहातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. त्याला निदान उत्तर तरी मिळालं. मी मोजायचं सोडलंय.

त्यात आजचा संदेश. काल पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी होती, म्हणून पाळकसाहेबांनी त्यांनाच घेतलं. लहानपणापासून ऐकलेलं, तरी ऐकावंसं वाटतं. 1874 च्या सुमाराचा दुष्काळ, आई-वडील आणि थोरली बहीण उपासमारीनं गेली, रमाबाई जेमतेम सोळा वर्षांच्या. भावाबरोबर पायी भटकत कलकत्त्याला पोचल्या. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. पुढे 1897 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून उपाशी पोरी गोळा करून आणणारी बाई हीच, आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन हा आश्रम उभा राहिला. पाळकसाहेब म्हणाले, पाहा, भूक कशी असते हे ज्या मुलीला देवाने आधी दाखवलं, तिच्याच हातून त्याने भुकेलेल्यांना जेवू घातलं. मंडळी गहिवरली. मीही.

मग डोक्यात किडा वळवळला. मनोरमाबाईंचं काय?

मनोरमाबाई 1921 मध्ये गेल्या. चाळिशीच्या. आईनंतर सगळं त्याच पाहणार हे ठरल्यासारखं होतं. आणि आई पुढच्याच एप्रिलात, 5 तारखेला. मधे जेमतेम काही महिने. त्या महिन्यांवर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही. दुष्काळाची कडी दुष्काळात अडकते, म्हणून ती सांगता येते. लेकीची कडी कशात अडकवणार? रमाबाईंनी त्या महिन्यांत केलं काय, तर बायबलच्या मराठी भाषांतराची प्रुफं तपासली. हिब्रू-ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं खपून केलेलं भाषांतर. केडगावच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या. लेकीला माती दिली आणि पुन्हा काना-मात्रा बघत बसल्या. देवाचा हेतू त्यांना कळला होता का? कळला असता तर माती देताना हात हलका झाला असता का?

कुणाला विचारणार. पाळकसाहेबांना विचारलं तर घरी प्रार्थनेला येतील, आणि आमच्याकडे दूध संपलंय.

खरं सांगू का, मला पायऱ्यांवरच्या त्या बाई का बोचल्या ते दुपारी भांडी घासताना कळलं. तेच वाक्य, अगदी तसेच डोळे मिटून, मी बोलले होते. धाकट्या जावेला. कब्रस्तानातून परतल्यावर, तिच्या ओसरीवर. इतकीशी पेटी होती ती. आणि ती म्हणाली होती, "आमेन." मला तेव्हा वाटलं, काय हिचा विश्वास! घरी येऊन यांना कौतुकानं सांगितलंही होतं. आज त्या 'आमेन'चा आवाज कानात आला आणि माझ्या आजच्या 'आमेन'सारखाच लागला. म्हणजे, आता गप्प बसा, असा.

सतरा वर्षं लागली मला ते ऐकू यायला.

संध्याकाळी यांना उशांना टेकवून बसवलं, हातात बॉल दिला आणि म्हटलं, "अहो, तुमच्यात म्हणे देवाची काही योजना आहे." यांनी बराच वेळ विचार केला. बॉल दाबायचा राहिला. मग वाकड्या ओठांतून एकेक शब्द काढत म्हणाले, "मला... कुठे... सांगितलंय?" आणि हसले. लाळ पुसता पुसता मीही हसले, मग जरा जास्तच हसले. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला असावा.

मग धाकटीला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "अगं, त्या दिवशी मी तुला एक बोलले होते..." तिनं पुढं बोलूच दिलं नाही.

"आठवतंय ताई. असा राग आला होता ना तुमचा. पण तुमच्या हातात पिठलं-भाकरीचा डबा होता, आणि घरात सकाळपासून चूल पेटली नव्हती. म्हणून म्हटलं आमेन."

मी काहीच बोलले नाही. तीही नाही. पलीकडे तिचा कुकर तेवढा शिट्ट्या देत होता.

"उद्या येते," ती म्हणाली. "भाकरी घेऊन येते. तुम्ही नुसती भाजी टाका. ज्वारीची आणू का बाजरीची?"

भर एप्रिलात बाजरी विचारते. उष्ण पडेल यांना. ज्वारीचीच आण म्हटलं, आणि पातळ थाप, दुधात कुस्करून द्यावी लागते.

बारा वाजले. यांची कूस बदलायची झाली. आणि दूध सकाळी आणायचंय.