बाबांचा जुना अ‍ॅम्प आणि उडत राहणारा फ्यूज

बाबांच्या गाडीतला दोन चॅनलचा अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, एके दिवशी अचानक गप्प झाला. फ्यूज बदलला, लगेच उडाला. दुसरा घातला, तोही गेला. त्या वेळी रिमोटची वायर (अ‍ॅम्पला चालू होण्याचा इशारा देणारी) सुटलेलीच होती, आणि पुढे मला हीच गोष्ट उपयोगी पडली. रिमोटला १२ व्होल्ट मिळाल्याशिवाय अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय चालूच होत नाही. तरी फ्यूज उडतोय, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून, शॉर्ट झालेल्या एखाद्या मॉसफेटवाटे (सप्लायमध्ये स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) थेट अर्थला जातोय.

झाकण काढलं. आत आयआरएफझेड४४एन जातीचे चार मॉसफेट, दोन-दोनच्या जोड्यांत. मीटर लावला तर चारही ठिकाणी बीप, म्हणजे चारही शॉर्ट! पण बोर्डवर असताना या निकालाला अर्थ नसतो. जोडीतले दोघे समांतर, शिवाय दोन्ही जोड्यांचे ड्रेन (करंट वाहून नेणारे पाय) त्याच गुंडाळीने जोडलेले, त्यामुळे एक गेला तरी चारही बीप देतात. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज रेझिस्टर लावून रिकामी केली, फोटो काढून ठेवले आणि चौघांनाही बाहेर काढलं. एकच जोडी मेलेली निघाली. तिच्या गेटचा (मॉसफेटला चालू-बंद करणारा पाय) १०० ओहमचा एक रेझिस्टरही ओपन, म्हणजे आतून तुटलेला होता. वरून इतका स्वच्छ, की रंगाच्या पट्ट्या नव्यासारख्या. नुसतं बघून सोडला असता तर फसले असते.

मॉसफेट नसतानाच रिमोट देऊन, त्यांना चालू-बंदचे इशारे देणारी टीएल४९४ आयसी तपासली. १४ नंबरच्या पिनवर नीट ५ व्होल्ट. रेझिस्टर बदलल्यावर दोन्ही बाजूंच्या गेटवर जवळपास सारखा व्होल्टेज. म्हणजे इशारे देणारा भाग, ड्राइव्ह, शाबूत. मग चारही मॉसफेट एकाच लॉटचे नवे घातले. समांतर बसणाऱ्यांनी करंट वाटून घ्यायचा असतो, तिथे जुने-नवे मिसळू नयेत असं माझं ठाम मत आहे.

बॅटरीच्या पॉझिटिव्हमध्ये मी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला होता. अशी दुरुस्ती करणाऱ्याने एक वेळ दुसरं काही विसरावं, हा बल्ब विसरू नये. काहीही झालं तरी तो करंट साडेचार अँपिअरच्या आसपास रोखून धरतो. सगळं ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर उजळतो आणि मंदावतो. माझा बल्ब मात्र रिमोट देताच लख्ख पेटला आणि तसाच राहिला. झटकन वायर काढली. नवे मॉसफेट गारच होते.

म्हणजे दोष पुढे होता. आता आउटपुटकडे, स्पीकरला करंट देणाऱ्या ट्रान्झिस्टरांकडे वळले. उजव्या चॅनलच्या एका ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि एमिटर हे दोन पाय आपसांत शॉर्ट. एक बाजू अशी शॉर्ट झाली, की आउटपुट सावरायला सर्किट समोरची बाजू पूर्ण चालू करतं आणि सगळा भार सप्लायवर येतो. पहिले मॉसफेट त्यातच गेले होते. आउटपुटची जोडी बदलली. ट्रान्झिस्टर आणि उष्णता शोषणारा हीटसिंक यांच्यामधली, वीज अडवणारी मायकाची जुनी चकती उजेडात धरली तर कडेला केसाएवढी चीर दिसली, म्हणून तीही नवी, पेस्टही नवी. स्क्रू आवळल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात बीप येत नाही ना, हे दोनदा बघितलं. या वेळी बल्ब चमकला आणि शांत झाला. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी १८ मिलिव्होल्ट. इतकं चालतं.

पण तो ट्रान्झिस्टर मुळात गेला कशाने? याचं उत्तर मिळाल्याशिवाय अ‍ॅम्प गाडीत बसवायला मन धजेना. स्पीकरच्या चारही वायरी मोकळ्या करून एकेक बॉडीशी तपासली. सगळ्या ठीक. मीटर तसाच लावून ठेवून उजवं दार उघडलं आणि बीप वाजला. दार लावलं, बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बीप. बिजागरीजवळचा रबर झिजला होता आणि पत्र्याच्या कडेने वायरचं आवरण नखाएवढं सोललं होतं. आतलं तांबं घासून चकचकीत झालेलं. म्हणजे दार उघडलं की वायर बॉडीला टेकून आउटपुट शॉर्ट होत होतं.

वायर बदलली, नवा रबर बसवला, मग फ्यूज घातला. तासभर गाणी लावून मी दार पुनःपुन्हा उघडलं, मिटलं. हीटसिंकवर हात ठेवला तर दोन्ही बाजू सारख्याच कोमट होत्या.