कोल्हापूरच्या आकाशातील सरकते प्रकाशबिंदू

पावसाळा सरून आकाश मोकळे झाले की परिचितांकडून दरवर्षी तोच प्रश्न येतो: काल रात्री एक दिवा आकाशातून सरकत गेला, तो काय होता? रंग किंवा वेग विचारण्यापूर्वी मी त्यांना वेळ विचारते, कारण तो दिवा सूर्यास्तानंतर किती वेळाने दिसला हे कळले की अनेक शक्यता तिथल्या तिथे गळून पडतात.

कृत्रिम उपग्रह आपल्याला दिसतो तो सूर्याच्या प्रकाशामुळे. आपल्या गच्चीवर अंधार पडलेला असतो, परंतु चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवर ऊन अजून पोहोचत असते आणि त्या उन्हात उपग्रह चमकतो. सूर्य क्षितिजाखाली जसजसा उतरतो तसतशी पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढत जाते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्या डोक्यावर असताना प्रकाशित दिसायचे असेल, तर सूर्य क्षितिजाखाली २० अंशांहून अधिक उतरलेला असून चालत नाही. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे सूर्य बराच सरळ खाली उतरतो आणि २० अंशांचा हा टप्पा साधारण दीड तासात ओलांडतो. म्हणजे डिसेंबरात साडेसात आणि मे महिन्यात साडेआठ वाजून गेले की डोक्यावरून जाणारे स्थानक सावलीत असते. पश्चिम क्षितिजालगतचे उपग्रह त्यानंतरही बराच वेळ दिसू शकतात, पूर्वेकडचे मात्र लवकर विझतात. उत्तर युरोपात उन्हाळ्यात सूर्य फारसा खाली जात नाही, त्यामुळे तिथले निरीक्षक मध्यरात्रीही स्थानक पाहतात. आपल्याकडे जून महिन्यातसुद्धा मध्यरात्री सूर्य सुमारे ५० अंश खाली असतो. म्हणून कोल्हापुरात रात्री बारा वाजता डोक्यावरून ठळक दिवा सरकत गेला असे कोणी सांगितले, तर मी आधी विमानाचा विचार करते.

या सावलीमुळेच अनेकांना चकवणारी एक घटना घडते. तेजस्वी बिंदू निरभ्र आकाशातून निम्मी वाट चालून येतो, किंचित तांबूस होतो आणि काही सेकंदांत मधेच नाहीसा होतो. तो कुठेही गेलेला नसतो. सावलीत शिरलेला असतो. पहाटे याच्या उलट घडते, आणि कोऱ्या आकाशात एकाएकी बिंदू प्रकटतो.

वेळेनंतर दिशा पाहावी. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचा वेग पदरात पडावा म्हणून बहुतेक उपग्रह पूर्वेच्या अंगाने सोडले जातात, त्यामुळे ते पश्चिमेच्या बाजूने उगवून पूर्वेच्या बाजूला जातात. अवकाश स्थानकाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल ५१.६ अंश आहे. ते कधी वायव्येला असलेल्या जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूने येऊन आग्नेयेला कागलकडे उतरते, तर कधी नैर्ऋत्येला असलेल्या राधानगरीच्या बाजूने येऊन ईशान्येकडे जाते, आणि एका फेरीत आकाश ओलांडायला जास्तीत जास्त सहा-सात मिनिटे घेते. एप्रिल १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या कक्षेचा कल केवळ २८.५ अंश आहे, म्हणून ती आपल्याकडे जवळजवळ सरळ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसते. लंडनहून ती दिसतच नाही, आपल्या मात्र अगदी डोक्यावरून जाऊ शकते, आणि कोल्हापूरकरांनी या भाग्याचा पुरेपूर लाभ घ्यावा असे मला मनापासून वाटते. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह उत्तर-दक्षिण जातात. सरळ पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा दिवा उपग्रह असण्याची शक्यता फारच थोडी.

विमान ओळखणे सोपे आहे. त्याच्या डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा दिवा असतो आणि पांढरा दिवा ठराविक अंतराने लखलखतो. अडचण येते ती विमान थेट आपल्या दिशेने येत असताना, कारण त्याचा पुढचा प्रखर दिवा कित्येक मिनिटे एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाबाबत उपनगरांतून असा भास सहज होतो. दिवाळीत सोडलेले कागदी कंदील नारिंगी असतात, लुकलुकतात आणि वाऱ्याबरोबर जातात. गणेशोत्सवातील बीम लाइटचे झोत ढगांवर पडले की गोल, फिरते डाग दिसतात. क्षितिजालगतचा व्याधाचा तारा वातावरणामुळे लाल-हिरवा-निळा चमकतो, आणि एकटक पाहत राहिल्यास तो हलतोय असेही डोळ्यांना वाटते. अशा वेळी गच्चीच्या कठड्याशी किंवा विजेच्या तारेशी त्याची जागा ताडून पाहावी.

मे २०१९ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकत्र सोडले गेले आणि तेव्हापासून एका ओळीत जाणाऱ्या दिव्यांच्या माळेबद्दल विचारणा होते. प्रक्षेपणानंतरचे काही दिवसच ही माळ दाट असते. पुढे उपग्रह वर चढतात, पांगतात आणि मंद होतात.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रातील पुष्कळ लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले आणि त्यांना उल्का म्हटले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले, आणि तो चिनी लाँग मार्च ३बी अग्निबाणाचा टप्पा असावा असा निष्कर्ष तज्ज्ञांनी मांडला. उल्का सेकंदाला किमान ११ आणि कमाल ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, तर कक्षेतून खाली येणारा अवशेष सुमारे आठच किलोमीटर वेगाने येतो. म्हणूनच उल्का बहुधा क्षणात संपते आणि असा अवशेष तुकडे होत, सावकाश, मिनिटभरही दिसत राहतो.

अशा वेळी बहुतेकांचा हात मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे जातो, पण काळ्या पडद्यावर हलणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यावरून काहीही ठरवता येत नाही. त्यापेक्षा मिनिटापर्यंत अचूक वेळ, उगवण्याची व मावळण्याची दिशा, वाटेत कोणत्या ताऱ्याजवळून गेला, किती वेळ दिसला आणि तेज स्थिर होते की कमी-जास्त होत होते, एवढे लिहून ठेवावे. तेज ठराविक लयीत वाढत-घटत असेल, तर तो बहुधा गटांगळ्या खाणारा रिकामा अग्निबाण असतो. हात सरळ ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते, त्यामुळे उंची मोजायला उपकरणही लागत नाही. ही नोंद हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर किंवा स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये कोल्हापूरचे स्थान भरून पडताळता येते. अवकाश स्थानकाची कक्षा अधूनमधून उंचावली जाते आणि जुने वेळापत्रक चुकते, म्हणून पडताळणी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी करावी.